लढाऊ विमानाचा खेळ : ‘एस कॉम्बॅट’ची ओढ

लढाऊ विमानांच्या व्हिडिओ गेमची दोन कुळे आहेत. पहिले कूळ सिम्युलेटरचे, आणि त्याचा मूळपुरुष संगणकाच्याही आधीचा. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे ऑर्गन बनवणाऱ्या घराण्यातील एडविन लिंक यांनी 1929 च्या सुमारास ऑर्गनचेच भाते वापरून जमिनीवर डुलणारे, वळणारे एक नकली विमान तयार केले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे असंख्य वैमानिक केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालवायला त्यावरच शिकले. या कुळातला संगणकावरचा नामांकित वंशज म्हणजे 1998 चा ‘फाल्कन 4.0’. एफ-16 विमानाच्या या खेळासोबत पाचशेहून अधिक पानांची पुस्तिका मिळत असे आणि ती वाचल्याशिवाय विमान धावपट्टी सोडत नसे.

दुसरे कूळ आर्केडचे. 1987 मध्ये सेगा कंपनीने यू सुझुकी यांच्या देखरेखीखाली ‘आफ्टर बर्नर’ आणला. त्याच्या मोठ्या यंत्रात माणूस पट्टा बांधून बसे आणि पडद्यावरचे विमान कलंडले की खुर्चीही कलंडत असे. शिकण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते. नाणे टाकायचे, आणि काही मिनिटे आभाळ फाडत सुटायचे.

जपानच्या नामको कंपनीची ‘एस कॉम्बॅट’ मालिका या दोन कुळांच्या मधोमध वाढली. आधी आर्केड यंत्र, मग 1995 मध्ये पहिल्या प्लेस्टेशनवरचा ‘एअर कॉम्बॅट’, 1997 मध्ये दुसरा भाग, आणि तेव्हापासून 2019 च्या ‘एस कॉम्बॅट 7’ पर्यंत ही मालिका चालत आली. विमाने खरी, त्यांची नावे खरी, पण उड्डाणाचे नियम मात्र सोपे करून घेतलेले. या विमानांनी इतकी वर्षे लोकांना का धरून ठेवले, याचे उत्तर शोधायचे तर खेळाने खऱ्या उड्डाणातले काय टाकले आणि काय राखले, तिथून सुरुवात करावी लागते.

टाकलेल्या गोष्टींत पहिला क्रमांक शरीराचा. जोरदार वळणात खऱ्या वैमानिकावर गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट भार येऊ शकतो. रक्त डोक्याकडून पायांकडे ओढले जाते, नजरेच्या कडा काळवंडतात, शुद्ध हरपण्याची वेळ येते. ते टाळण्यासाठी पाय आणि पोट आवळणारा खास पोशाख घालावा लागतो, श्वास ठरावीक लयीत रोखावा लागतो. खेळात यातले काहीच नाही. इंधन संपण्याची भीती सहसा नाही आणि इंजिन सुरू करण्याआधीची तपासणीची लांबलचक यादीही नाही. खरे एफ-16 हवेतल्या लढाईसाठी साधारण सहा क्षेपणास्त्रे घेऊन उडते. खेळातल्या त्याच विमानाच्या पोटात पन्नासहून अधिक क्षेपणास्त्रे असतात.

राखले आहे ते अवकाशाचे भान, आणि हा निर्णय फार विचारपूर्वक घेतलेला दिसतो. खेळाची नियंत्रणे दोन प्रकारची आहेत. सोप्या प्रकारात डावीकडे काठी ढकलली की विमान डावीकडे वळते. कठीण प्रकारात तसे होत नाही. तिथे आधी विमान एका पंखावर कलते करायचे आणि मग नाक वर ओढायचे. विमान खरोखर वळते ते याच रीतीने. हे एकदा हातात बसले की आभाळाला वर-खाली उरत नाही. क्षितिज उभे राहते, समुद्र डोक्यावर येतो आणि खेळणारा त्यात गोंधळून जात नाही. वळताना वेग वाढवण्याची आणि कमी करण्याची अशी दोन्ही बटणे एकदम दाबली, तर विमान जास्त तीव्र वळण घेते, पण त्याची किंमत वेगाने मोजावी लागते. वेग फार घटला की पंखांचा आधार सुटतो आणि विमान दगडासारखे खाली जाऊ लागते. मग नाक खाली करायचे, उंची खर्च करून वेग परत मिळवायचा. उंची आणि वेग यांचा हा हिशेब हवाई लढाईचा गाभा आहे. पुस्तिकेचे एकही पान न उलटता खेळ तो बोटांना शिकवतो.

शत्रूच्या विमानाभोवतीची हिरवी चौकट लाल होते, सलग शिट्टी वाजते, क्षेपणास्त्र सुटते. मात्र ते सुटले म्हणजे लागलेच असे नाही. समोरचे विमान आडवे पळत असेल तर चुकते, शेपटीमागून सोडले तर बहुधा लागते. म्हणून खरा खेळ मागावर राहण्याचा आहे आणि त्यातली धाप बसल्या जागी लागते. सातव्या भागात ढगही या पाठलागात उतरले. त्याआधी या मालिकेतले ढग म्हणजे बहुतेक वेळा मागे रंगवलेला पडदा असे. इथे विमान ढगात शिरले की कॉकपिटच्या काचेवर थेंब येतात, जास्त वेळ रेंगाळले तर बर्फ धरते आणि विमान जड चालू लागते. शत्रूची क्षेपणास्त्रे ढगात माग हरवतात, तशी आपलीही हरवतात. वीज कोसळली तर समोरची आकडेवारी काही क्षण विस्कटते. आकाश रिकामे नसते, त्यालाही घाट आणि खिंडी असतात, ही जाणीव आजवर वैमानिकांनाच असे. ती घरबसल्या देणे ही या भागाची सर्वांत मोठी कामगिरी मानली पाहिजे.

विमानांची निवड हे आकर्षणाचे आणखी एक अंग. एसयू-37 हे रशियन विमान 1996 मध्ये इंग्लंडमधील फार्नबरोच्या प्रदर्शनात हवेतल्या हवेत जवळजवळ कोलांटी घेऊन गाजले, पण उत्पादनात कधीच गेले नाही. जगभरच्या तरुणांना ते ठाऊक आहे ते या मालिकेमुळे. सातव्या भागातले मिग-21 तर महाराष्ट्राच्या घरचे म्हणता येईल. नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-21 विमाने तयार झाली आणि भारतीय हवाई दलाने 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगड येथे या विमानाला निरोप दिला. खेळात ते सुरुवातीच्या स्वस्त विमानांपैकी एक आहे. नेमके म्हणूनच ते घेऊन अत्याधुनिक विमानांशी झुंजणारे हौशी खेळाडू असतात.

विमानापेक्षाही जास्त ओढ लावतो तो रेडिओ. मोहीम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कानावर आवाज पडत राहतात. टेहळणी विमानातून सूचना देणारा अधिकारी, सोबतचे वैमानिक, जमिनीवरचे सैनिक आणि शत्रूसुद्धा. खेळणाऱ्याचे पात्र स्वतः मात्र जवळपास मुकेच असते. पाचव्या भागात सोबत्यांच्या प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देता येते. त्यामुळे खेळणाऱ्याला स्वतःची ओळख इतरांच्या तोंडून कळते. सुरुवातीला कोणी दखल घेत नाही. पुढे मित्रांना त्याच्या येण्याने धीर येतो आणि शत्रूच्या आवाजात भीती उतरते. चौथ्या भागात विमानावरची फितीची खूण दिसताच शत्रूची फळी बिथरते. गुणांच्या पाटीवर वाढणारा आकडा हे समाधान देऊ शकत नाही. माणसाला नाव मिळते ते लोकांच्या बोलण्यातून, आणि या मालिकेने कौतुकाची ही जुनी मानवी रीत खेळाच्या रचनेतच गुंफली.

या रचनेला खोली आली ती 2001 च्या ‘एस कॉम्बॅट 04 : शॅटर्ड स्काइज’ मध्ये. या भागाची कथा सुनाओ काताबुची यांनी लिहिली. दुसऱ्या महायुद्धातील कुरे या नौदल-बंदरात नांदणाऱ्या एका साध्या गृहिणीवरचा ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ हा 2016 चा गाजलेला ॲनिमेशनपट त्यांचाच. युद्ध घरातून कसे दिसते, हा त्यांच्या आस्थेचा विषय या खेळातही आहे. मोहिमांच्या मधल्या प्रसंगांत वैमानिक नायक दिसतच नाही. स्थिर, रंगवलेल्या चित्रांतून गोष्ट सांगतो तो शत्रूने व्यापलेल्या शहरातला एक मुलगा. हवाई लढाईत पाडलेले एक विमान त्याच्या घरावर कोसळते आणि त्याचे कुटुंब संपते. पोरका झालेला तो एका मद्यालयात हार्मोनिका वाजवू लागतो. तिथे येणाऱ्या शत्रूच्या वैमानिकांशी, त्यांच्या ‘यलो 13’ या म्होरक्याशी, त्याची जवळीक होते. ते विमान यलो 13 नेच पाडले होते, हे त्याला ठाऊक असते. तरी त्या माणसाचा सभ्यपणा, त्याचे एकटेपण मुलाच्या मनात घर करते.

मोहिमेत खेळणारा विजयी होतो, आणि पुढच्या प्रसंगात त्या विजयाची दुसरी बाजू मुलाच्या तोंडून ऐकतो. स्टोनहेंज या प्रचंड तोफांच्या ठाण्यावरचा हल्ला हे त्याचे सर्वांत धारदार उदाहरण. तोफा एकामागून एक उद्ध्वस्त होतात, यलो 13 च्या पिवळ्या तुकडीतले एक विमान पडते, रेडिओवर जल्लोष होतो. नंतर कळते की पडलेली वैमानिक म्हणजे यलो 13 च्या सोबत सतत उडणारी स्त्री, आणि सुटे भाग न मिळाल्याने ती सदोष विमान घेऊनच लढायला आली होती. ते भाग नष्ट झाले होते मद्यालयाच्या मालकाच्या मुलीने, म्हणजे मुलाच्याच बाजूच्या माणसांनी, केलेल्या घातपातात. इथे खेळणाऱ्याला कोणी दोष देत नाही. खेळ त्याला फक्त माहिती देतो, आणि पुढच्या मोहिमेत पिवळे पंख दिसले की बोट बटणावर जाताना मन आधीसारखे मोकळे राहत नाही. युद्धाच्या खेळांवर रक्तपाताच्या हौसेचा आरोप नेहमी होतो आणि तो पुष्कळदा खराही असतो. या कथेने पडलेल्या विमानाला माणूस परत दिला, आणि तो देताना खेळाची रंगत कमी होऊ दिली नाही.

या मालिकेतली बहुतेक युद्धे काल्पनिक जगातली आहेत, खंड आणि देश मनाने रचलेले. त्यामुळे कोणत्याही खऱ्या राष्ट्राला खलनायक न करता युद्धाविषयी बोलता येते. 2006 च्या ‘झीरो’ या भागात शत्रूंच्या मुलाखतींतून गोष्ट उलगडते आणि जे लक्ष्य पाडणे आवश्यक नाही ते पाडले की सोडले, यावरून खेळणाऱ्याचा स्वभाव ठरवला जातो. 2011 च्या ‘असॉल्ट हरायझन’ने मात्र खरे जग घेतले आणि पाठलागाचा बराच भाग कॅमेऱ्याच्या हाती सोपवला. दृश्ये दिपवणारी होती, पण जुन्या खेळाडूंना हा बदल रुचला नाही. मागावर राहण्याचे कष्टच काढून घेतल्यावर ते मिळवल्याचा आनंद कुठून येणार?

सातव्या भागात जुनी रीत परतली, काताबुचीही परतले आणि प्रश्न आजचा आला. इथल्या आकाशात माणसांविना उडणारी यंत्रे आहेत. मिहाली हा वयोवृद्ध, निष्णात वैमानिक केवळ उडण्याच्या ओढीने शत्रूपक्षासाठी उडतो, आणि शास्त्रज्ञ त्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद घेऊन ती यंत्रांना शिकवतात. खेळणाऱ्याला आधी मिहालीशी झुंजावे लागते, नंतर त्याचेच कसब उचललेल्या यंत्रांशी. यंत्रे माणसाला असह्य होतील अशी वळणे घेतात, आणि त्यांच्याकडून रेडिओवर माणसाचा आवाज येत नाही. आधीच्या सगळ्या लढायांत शत्रूचा आवाज ऐकण्याची सवय झालेल्या खेळणाऱ्याला ही शांतता शत्रूच्या वेगापेक्षा जास्त अस्वस्थ करते.