मेपलचा रस आणि पंपाची वेळ : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

फेब्रुवारी सरत आला की कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आणि अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये मेपलचा रस काढणाऱ्यांना रोज एकच निर्णय घ्यावा लागतो : पंप कधी लावायचा आणि कधी थांबवायचा? व्यावसायिक मेपलबागेत आता बादल्यांपेक्षा प्लॅस्टिकच्या नळ्यांचं जाळं जास्त दिसतं. खोडातल्या तोटीपासून नळी उताराने खाली येते आणि निर्वात पंप तिच्यातली हवा काढून घेतो. हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा असतो. रसात साखर साधारण 2 टक्के, म्हणून एक लिटर सिरपसाठी सुमारे 40 लिटर रस आटवावा लागतो. हातचा गेलेला प्रवाह त्यामुळे महागात पडतो.

पहिला गैरसमज आपल्याकडच्या माणसाचा होणं साहजिक आहे : मेपलचा रस म्हणजे थंड प्रदेशातली नीराच. गोव्यातला रेंदेर, म्हणजे माडाचा रस काढणारा, माडाची पोय छाटतो तेव्हा पानांनी बनवलेली साखर वाहून नेणाऱ्या नलिकांतून रस ठिबकतो. मेपलचा रस मिळतो तो झाडावर एकही पान नसताना, खोडाच्या लाकडातून. रात्री तापमान शून्याखाली गेलं की लाकडातल्या हवेच्या पोकळ्या आक्रसतात, तिथे बर्फ धरतो आणि झाड मुळांकडून पाणी वर ओढून घेतं. दिवसा बर्फ वितळतो, दाबली गेलेली हवा प्रसरण पावते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढतो आणि तोटीसाठी पाडलेल्या छिद्रातून रस वाहू लागतो. गोठणं आणि वितळणं हे चक्र झालं नाही तर कितीही ताकदीचा पंप फार काळ रस देऊ शकत नाही.

मग पंप करतो काय? तो नळीतला दाब कमी करतो, म्हणजे झाडाच्या आतला आणि बाहेरचा दाब यांतलं अंतर वाढवतो. निर्वात पाऱ्याच्या इंचांत मोजतात. समुद्रसपाटीला त्याची कमाल सुमारे 30 इंच, आणि चांगल्या बागेत 25च्या पुढे जातो. प्रत्येक वाढीव इंचामागे साधारण 5 ते 7 टक्के रस जास्त मिळतो, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. बादलीच्या तुलनेत उत्पन्न दुप्पट होऊ शकतं.

‘एवढं ओढल्यावर झाड मरेल, निदान रस पाणचट होईल,’ ही भीती मनापासूनची असते आणि तिची चौकशी व्हायलाच हवी होती. ती झाली. व्हरमाँट विद्यापीठाचं प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्र 1946 पासून या झाडांवर काम करतं. तिथल्या प्रयोगांत जास्त निर्वातामुळे साखरेचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही, छिद्राभोवतालची जखमही मोठी झाली नाही. झाडाचं नुकसान होतं ते बारीक खोडाला छिद्र पाडल्याने, एकाच झाडाला जास्त छिद्रं पाडल्याने किंवा जुन्या जखमेला खेटून नवं छिद्र घेतल्याने.

सगळ्यात महागडा गैरसमज मात्र घड्याळाचा आहे : सकाळी पंप लावा, संध्याकाळी बंद करा. रात्रभर तापमान शून्याच्या वर राहिलं तर झाडातला दाब ओसरल्यावरही निर्वातावर रस येतच राहतो, कधी कधी पारा शून्याखाली न जाताही एक-दोन दिवस सलग. अशा रात्री पंप बंद ठेवणं म्हणजे तो रस सोडून देणं.

थंडी वाढत असताना तर घाई आणखी नडते. गोठू लागलेलं झाड आत ओढतं हे वर आलंच. त्या वेळी पंप बंद असेल तर नळीत उरलेला रस जंतूंसह परत छिद्रात जातो आणि छिद्र लवकर बुजतं. त्याचा फटका त्या एका रात्रीपुरता नसतो, उरलेल्या हंगामभर बसतो. यासाठी गोळ्याची एकदिशा झडप असलेल्या तोट्या निघाल्या आहेत, पण त्या असल्या तरी नळ्या गोठून प्रवाह थांबेपर्यंत पंप चालू ठेवणंच बरं. नंतर मात्र तो थांबवावा. पाण्यावर चालणाऱ्या पंपात पाणी गोठलं तर यंत्रच अडकतं.

थर्मोस्टॅटवर सगळं सोपवणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. रस उकळण्याच्या शेडच्या भिंतीवरचा आकडा हा त्या भिंतीचा असतो. हवा शून्याखाली एखादा अंश असताना दक्षिण उतारावरच्या फांद्या उन्हाने तापून रस सोडू शकतात. उलट, कडाक्याच्या रात्रीनंतर हवा 3 अंशांवर आली तरी जाड खोड काही तास गोठलेलंच राहतं. सकाळी पंप थोडा लवकर लावला तर वीज जरा जास्त जाते, इतकंच. शिवाय खारींनी कुरतडलेल्या नळ्यांतून येणारा हवेचा फुसफुस आवाज ऐकत गळत्या बुजवायला वेळ मिळतो. गळक्या जाळ्यावर मोठा पंप बसवून काही साधत नाही.

पंप बंद करण्याआधी रिलीझरपाशी, म्हणजे निर्वातातला रस टाकीत सोडणाऱ्या भांड्यापाशी, जाऊन पाहा. ते अजून भरून रिकामं होत असेल, तर घड्याळात कितीही वाजले असोत, पंप चालू राहू द्या.