डासाचे नाक, माणसाचे घर

डास पळवणारी म्हणून घरोघरी ओळखली जाणारी बहुतेक द्रव्ये डासाला पळवण्यासाठी नव्हे, तर मारण्यासाठी किंवा निदान लुळा पाडण्यासाठी तयार केलेली असतात. हा भेद दुकानाच्या फळीवर पुसला गेल्यामुळे त्यांच्या सुरक्षिततेची चर्चाही बहुधा गोंधळलेलीच राहते. अंगाला चोळायचे मलम हे खरे प्रतिकर्षक, म्हणजे डासाला दूर ठेवणारे द्रव्य होय. कॉइल, वडी आणि खटक्याला लावायचे यंत्र यांत मात्र ॲलेथ्रिन किंवा ट्रान्सफ्लुथ्रिन यांसारखे पायरेथ्रॉइड असते, जे शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम फुलांत आढळणाऱ्या विषाच्या धर्तीवर कारखान्यात बनवले जाते. डासाच्या मज्जातंतूंतील सोडियमच्या वाटा ते वेळेवर मिटू देत नाही, त्यामुळे तंतू सतत उत्तेजित राहून डास आधी सैरभैर होतो आणि मात्रा पुरेशी असल्यास खाली पडतो.

छत्रपती संभाजीनगरात या साधनांची गाठ एका जुन्या दुखण्याशी पडते. पैठणच्या जायकवाडी धरणातून शहरात येणारे पाणी वर्षानुवर्षे काही-काही दिवसांच्या अंतराने सुटत आल्यामुळे हौद, टाकी आणि प्लास्टिकचे ड्रम भरून ठेवणे हा इथल्या संसाराचा भागच झाला. डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती जातीची मादी नेमक्या अशाच स्वच्छ साठ्याच्या कडेला अंडी घालते, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून सगळी भांडी रिकामी करावीत, हा आरोग्य खात्याचा सल्ला शास्त्रदृष्ट्या अचूक आहे; पण ज्या घरी नळच कित्येक दिवसांनी येतो, त्या घराला साठवलेले पाणी ओतून द्यायला सांगणे म्हणजे उपासकऱ्याला पथ्य सांगण्यासारखे आहे. त्यात एडिस चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या तासांत, तर यंत्राचा दिवा लागतो झोपताना. रात्रभर त्या यंत्राला तोंड देतो तो प्रामुख्याने सांडपाण्यात वाढणारा क्युलेक्स.

डासाला नेमके काय कळते, या प्रश्नावर 2008 साली झालेला वाद मात्र सविस्तर पाहण्याजोगा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यात सॅम्युएल गर्टलर यांनी शोधलेले डीट हे अंगाला लावायचे प्रतिकर्षक द्रव्य 1946 पासून तिथल्या सैन्यात आणि 1957 पासून सामान्यांच्या वापरात होते, तरीही ते कसे काम करते याचे सर्वमान्य उत्तर अर्धशतकानंतरही नव्हते. मार्च 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील लेस्ली व्होशाल यांच्या गटाने असे मांडले की, डीट डासाच्या घ्राणेंद्रियाला माणसाचा गंध ओळखू देत नाही, म्हणजे माणूस जणू अदृश्य होतो. पाचच महिन्यांनी कॅलिफोर्नियातील झैनुलाबुद्दीन सय्यद आणि वॉल्टर लील यांनी हे खोडून काढले. त्यांचा आक्षेप प्रयोगाच्या मांडणीवरच होता: डीट आणि माणसाच्या गंधातील ऑक्टेनॉल हे द्रव्य एकाच नळीत ठेवले की डीटमुळे ऑक्टेनॉलचे उडणेच मंदावते, तेव्हा डासाला गंध कळला नाही असे नसून गंध त्याच्यापर्यंत पुरेसा पोहोचलाच नव्हता. दोन्ही द्रव्ये वेगवेगळ्या नळ्यांतून सोडल्यावर प्रतिसाद घटला नाही. उलट क्युलेक्सला डीटचा स्वतंत्र वास येतो आणि तो त्या वासालाच टाळतो, असे त्यांना दिसले.

पुढच्या दशकात या भांडणाचा निकाल कोणा एकाच्या बाजूने लागला नाही, हीच त्यातली गंमत आहे. 2013 मध्ये व्होशाल यांच्याच गटाने गंध ओळखण्यास लागणारे एक महत्त्वाचे जनुक निकामी केलेले एडिस वापरले, तेव्हा ते डीट लावलेल्या हाताकडे निर्धास्त उडत गेले, परंतु हातावर बसताच माघारी फिरले. डीटची ही स्पर्शातून येणारी जाणीव पायांतून होते, हे 2019 मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी ॲनोफिलीस डासावर काम करून दाखवले की, त्याला डीटचा वास थेट येतच नाही, तर माणसाचा गंध झाकला जातो. ‘डास’ हा एकवचनी शब्दच या वादात सर्वांची दिशाभूल करीत होता, असे म्हणावेसे वाटते. आपल्याकडच्या ओडोमॉसमधील डायइथाइल बेंझामाइड हे डीटचेच भावंड असून, रेणूत केवळ एका मिथाइल गटाचा फरक आहे.

वनस्पतिज तेलांनाही हाच न्याय लागू पडतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडील खानदेशात रोशा गवतापासून ऊर्ध्वपातनाने तेल काढण्याचा धंदा जुना होता. हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानपर्यंत जाऊन तिथल्या गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी मिसळले जाई, कारण त्यातील जिरॅनिऑलचा वास गुलाबासारखा असतो. हेच जिरॅनिऑल डासांना नकोसे वाटते, मात्र ते लवकर उडून जात असल्याने त्याचे संरक्षण सहसा अल्पकाळचे ठरते. खोबरेल तेलात दोन टक्के कडुलिंबाचे तेल मिसळून लावल्यास बारा तास पूर्ण संरक्षण मिळते, हा 1993 साली प्रसिद्ध झालेला भारतीय निष्कर्ष वारंवार सांगितला जातो. तो ॲनोफिलीसपुरता होता, हे सांगायचे तेवढे राहून जाते. अल्ट्रासाउंडच्या उपकरणांचा विचार एका वाक्यात संपतो: 2007 च्या कॉक्रेन आढाव्याने तपासलेल्या दहा क्षेत्रीय प्रयोगांत त्यांचा काडीचाही उपयोग आढळला नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत सर्वांत वाईट साधन कॉइल हे होय, आणि त्यातही दोष विषापेक्षा धुराचा अधिक आहे. 2003 सालच्या एका अभ्यासानुसार एक कॉइल पूर्ण जळताना 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत कॉइल जळत असलेल्या घरांतील अशा कणांचे प्रमाण घनमीटरला हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, तर देशाचे चोवीस तासांचे मानक 60 आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून जाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा धूरही अखेर धूरच असतो. यंत्रातील पायरेथ्रॉइड माणसाच्या यकृतात झपाट्याने विघटित होते, मांजराला ते तितक्या सहजपणे जमत नाही, आणि माशांना तर ते अत्यल्प प्रमाणातही घातक असते. दमेकऱ्याला बंद खोलीत त्याचा त्रास होऊ शकतो आणि लहान मुलाच्या हाती लागलेली रिफिल ही सरळ विषाची बाटलीच आहे. डीटविषयीची भीती प्रामुख्याने ते पोटात गेल्याच्या किंवा बेसुमार लावल्याच्या विरळ प्रकरणांतून आली असून, दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला न लावता बाकीच्यांनी सूचनेनुसार लावल्यास त्यावर गंभीर आक्षेप उरत नाही. चष्म्याची प्लास्टिकची दांडी मात्र ते विरघळवू शकते.

भारतात ही उत्पादने 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात आणि वेष्टनावरच्या चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागातील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग उतरत्या क्रमाने त्यांची विषारीपणाची श्रेणी सांगतो. किराणा दुकानात सुट्या मिळणाऱ्या डासांच्या अनेक अगरबत्त्यांच्या पुड्यावर हा चौकोन मुळातच नसतो, आत कोणते रसायन आहे हेही छापलेले नसते.