मुलं आहेत, मोठी माणसं हवीत

स्काऊट-गाईडचं पथक चालवते म्हटलं की लोक आधी मुलांचं विचारतात. मुलं येतात का, मोबाइल बाजूला ठेवतात का, ऐकतात का. तारोडीत मला ही काळजी कधी करावी लागली नाही. शनिवारी दुपारी मैदानात शिट्टी वाजली की पोरं येतात, येताना धाकट्या भावंडांनाही घेऊन येतात, आणि वयात न बसणाऱ्या त्या चिमुरड्यांना घरी पाठवताना जीव जड होतो. आमचं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मुलांसोबत उभं राहायला मोठं माणूस मिळत नाही. एक मिळतं, दुसरं मिळत नाही. आणि एका माणसावर पथक चालत नाही.

तारोडी म्हणजे मीरा-भाईंदरचा पार पश्चिमेकडचा कोपरा. भाईंदर स्टेशनावरून निघालेली बस मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत आमच्याकडे येते. पुढे रस्ता चौकला जाऊन संपतो. समोर खाडी, खाडीपलीकडे वसईचा किल्ला. २००२ पासून आम्ही महानगरपालिकेत आहोत, पण इथला दिवस अजून गावाचा आहे. धारावी देवीचं देऊळ आहे, डोंगरीचं जुनं चर्च आहे, आणि आसपासच्या बंदरांवरच्या कोळी घरांचं सगळं वेळापत्रक भरती-ओहोटीवर चालतं. बोटीवर जाणारे पुरुष कित्येक दिवस समुद्रात असतात. त्यांच्या घरच्या बाया पहाट व्हायच्या आत मासळी घेऊन बाजार गाठतात. नोकरदार माणूस अंधारात बस पकडतो, भाईंदरहून लोकल धरतो आणि रात्री जेवायच्या वेळेला घरी पोचतो. मी स्वतः एका पतपेढीत नोकरी करते. माझी नोकरी भाईंदरलाच आहे, म्हणून हे जमतं. रोज चर्चगेटला जावं लागलं असतं तर मला कुणी शनिवारी मैदानात पाहिलं नसतं.

शनिवारच का, हेही सांगते. पुस्तकात पथकाची बैठक रविवारी सकाळी छान वाटते. आमच्याकडची निम्मी मुलं रविवारी सकाळी मिस्साला आणि त्यानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातात. त्यांना ‘चर्च की स्काऊट’ असं निवडायला लावणं मला पटत नाही. भारत स्काऊट्स आणि गाईड्स या आपल्या संघटनेत सर्वधर्म प्रार्थना असते, वचनात ईश्वराविषयीचं कर्तव्य असतं. ते वचन घेणाऱ्या मुलीचा मिस्सा आपणच चुकवायचा, हे बरोबर नाही. म्हणून शनिवार. पण शनिवारी दुपारी मोकळी असणारी मोठी माणसं रविवारपेक्षाही कमी.

आता मोठ्या माणसांची एवढी गरज का, ते नीट सांगायला हवं, कारण बऱ्याच पालकांना वाटतं की एक उत्साही बाई असली म्हणजे झालं. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांचं स्काऊट पथक, मुलींचं गाईड पथक. पथकात सहा ते आठ जणांचे संघ, प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक संघनायक. मुलींच्या पथकाला बाईच हवी. तिला गाईड कॅप्टन म्हणतात. मुलांकडे स्काऊट मास्तर. आमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणून माझ्याबरोबर एक सर असतात. मुली मला ‘कॅप्टन’ म्हणतात आणि मला ती हाक फार आवडते.

समजा, चौकच्या जुन्या किल्ल्यापर्यंत पायी सहल आहे. धारावीच्या या बेटावर चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत लढाया झाल्या, १७३९ मध्ये वसई पडली, आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचा तो किल्ला इथूनच दिसतो. इतिहास शिकवायला याहून चांगली जागा नाही. उतारावर एका मुलीचा पाय मुरगळला. तिला रिक्षात घालून भाईंदर पश्चिमेच्या टेंभा रुग्णालयात न्यायचं, तर तिच्याबरोबर एक मोठं माणूस जाणार. उरलेल्या मुलींबरोबर कोण थांबणार? मुलांचे सर मुलांबरोबर आहेत. म्हणजे मुलींसाठी दोन बाया हव्यात, आणि रुग्णालयात जाणाऱ्या बाईकडे त्या मुलीच्या आईचा नंबर, तिला कोणतं औषध चालत नाही याची चिठ्ठी, पालकांचं संमतिपत्र हवं. हे सगळं आदल्या दिवशी तयार झालेलं असतं, तेव्हा कुठे ती सहल मुलांना ‘मजेची’ वाटते.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. कुठल्याही मोठ्या माणसाने कुठल्याही मुलासोबत बंद दाराआड एकटं राहायचं नाही, हा नियम आज जगभरच्या स्काऊट-गाईडमध्ये पाळायला सांगतात. आपल्याकडे २०१२ चा पोक्सो कायदा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं आणि कळवलं नाही, तर तोही गुन्हा ठरतो. काही पालकांना आणि काही स्वयंसेवकांनाही हा नियम म्हणजे अविश्वास वाटतो. एका काकांनी मला तोंडावर विचारलं होतं, “म्हणजे तुम्ही आमच्यावर संशय घेता?” मी त्यांना एवढंच म्हटलं की नियम मलाही लागू आहे, आणि तो लागू आहे म्हणूनच तुम्ही तुमची नात माझ्याकडे सोडू शकता. ते गप्प राहिले. पुढच्या शनिवारी नातीला सोडायला आले आणि बैठक संपेपर्यंत कट्ट्यावर बसले. दुसरं मोठं माणूस असंही मिळतं.

मिळालेल्या माणसाला शिकवावंही लागतं. आठवडाभराचा निवासी बेसिक कोर्स, मग पथकात काम, मग ॲडव्हान्स्ड कोर्स, आणि ज्यांना पुढे जायचं त्यांना हिमालय वुड बॅज, ज्याचे दोन लाकडी मणी गळ्यात घालतात. प्रशिक्षणाची ही पद्धत १९१९ मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कला सुरू झाली. आपलं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. अभ्यासक्रम चांगला आहे, मला त्याचा मनापासून उपयोग झाला. पण तो बहुतांशी शाळेतल्या शिक्षकांना समोर ठेवून बेतलेला आहे. शाळेतल्या बाईंना शाळा पाठवते. खाजगी नोकरीतली बाई सलग सात दिवसांची सुट्टी कुठून आणणार? मासळी विकणारीचे सात दिवस म्हणजे सात दिवसांचं गिऱ्हाईक. पगार नाही, मानधन नाही, उलट गणवेश आणि प्रवास पदरचा. सासरी विचारतात, “यातून तुला काय मिळतं?” आणि त्या बाईकडे रुपयांतलं उत्तर नसतं.

बरं, कोर्स करून आलेल्या माणसाला खरी अवघड गोष्ट मैदानातच भेटते. ती म्हणजे गप्प बसणं.

स्काऊटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राऊनसी बेटावर पहिला प्रयोग केला तेव्हा जेमतेम वीसेक मुलं होती. बड्या शाळांतली आणि कामगारांच्या घरची, मुद्दाम मिसळून नेलेली. त्यांचे चार संघ केले: लांडगा, बैल, कावळा आणि कर्ल्यू. कर्ल्यू म्हणजे लांब वाकड्या चोचीचा तो पक्षी, जो हिवाळ्यात आमच्या खाडीच्या चिखलातही उतरतो. मुलांना तो दाखवला की ब्राऊनसी लगेच जवळचं होतं. तिथली मुख्य गोष्ट तंबू नव्हती, गाठी नव्हत्या. एका मोठ्या मुलावर लहान मुलांची जबाबदारी खरोखर सोपवायची, ही होती. आजही सगळी पद्धत त्यावरच उभी आहे, आणि आपल्या मोठ्या माणसांना नेमकं तेच झेपत नाही.

गेल्या हिवाळ्यात डोंगरीच्या एका वाडीत एक दिवसाचं शिबिर होतं. जेवण संघांनीच करायचं होतं. एका संघाने पातेलं टांगायला तीन बांबूंची तिकाटी बांधली. आठवीतली संघनायिका, हातात सुतळीचा गुंडा. पाण्याने भरलेलं पातेलं अडकवलं आणि तिकाटी हळूच पाय पसरत खाली बसली. पाणी सांडलं. चूल अजून पेटवलेली नव्हती, हे मी आधीच पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच मदतीला आलेली एक आई धावली. मी तिचा हात धरला आणि तिला माझ्याशेजारी बसवून घेतलं. मुली आपसांत भांडल्या. संघनायिका रडवेली झाली, मग उकिडवी बसून तिने सगळी सुतळी सोडवली. बांबूंभोवतीचे वेढे तिने घट्ट घेतले होते, पण दोन बांबूंच्या मधून जे आडवे आवळण घ्यायचे असतात, ज्यांनी आधीचे वेढे कसले जातात, ते राहिले होते. कुणी सांगितलं नाही; तिचं तिलाच दिसलं. तिने ते घेतले, क्लोव्ह हिच मारून टोक बांधलं, स्वतः तिकाटीला लोंबकळून पाहिलं. मग पातेलं परत चढलं.

खिचडी तीन वाजता झाली. दोन वाजता न्यायला आलेल्या पालकांना उपाशी मुलं दिसली आणि मला बोलणी बसली. “तुम्ही दोघी नुसत्या बसून होतात!” बसून होतो, हे खरंच होतं. ती तिकाटी आम्ही पाच मिनिटांत बांधून दिली असती, जेवण एकला झालं असतं, पालक खूश झाले असते, आणि त्या मुलीचा दिवस आम्ही काढून घेतला असता. हे पालकांना समजावणं हाही कॅप्टनच्या कामाचाच भाग आहे, आणि मला वाटतं, सगळ्यात थकवणारा.

आणखी एक घाव असतो. जी मुलगी आठवीत संघनायिका म्हणून उभी राहिली, ती नववीत क्लासला जाते. प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय असं चढत राज्य पुरस्काराच्या तोंडाशी आलेली मुलं शनिवारची बॅच लागली म्हणून थांबतात. पालकांना मी दोष देत नाही. या गावातून बाहेर पडून चांगली नोकरी मिळवायला दहावीचे गुण लागतात, हे त्यांना माझ्याइतकंच कळतं. पण संघनायक गेला की त्याच्या हाताखालच्या पोरांना सांभाळायला पुन्हा मोठंच माणूस लागतं.

आमच्या किनाऱ्याने यावर एक उपाय दिला आहे. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. बोटी किनाऱ्याला लागतात, जाळी दुरुस्तीला बाहेर पडतात, आणि एरवी न दिसणारे बाप घरी असतात. या दोन महिन्यांत शिबिर घेता येत नाही, पाऊस असतो; पण पत्र्याच्या शेडखाली शिकता येतं. एका बोटीचे तांडेल काका येतात. आम्ही पुस्तक उघडून जी गाठ शिकवतो, तीच ते ओल्या दोरावर, बोलता बोलता, एका हाताने मारतात. तीन पेडी दोराचं टोक उकलून ते पेड त्याच दोराच्या पेडांत विणून ते पक्का फासा करतात आणि मुलांकडून परत परत करून घेतात. त्यांना गणवेश नको, कोर्स नको, प्रमाणपत्र नको. मी त्यांना फक्त दोन गोष्टी समजावून सांगितल्या: एकट्या मुलाला घेऊन कुठे जायचं नाही, आणि मुलाच्या हातातला दोर आपल्या हातात घ्यायचा नाही. पहिली त्यांनी लगेच मानली. दुसरीसाठी ते आता हात पाठीमागे बांधून उभे राहतात.

त्यांच्यावरून मला सुचलं की माणसांकडे सगळं काम मागायचंच नाही. “पथकात या” म्हटलं की लोक घाबरतात. आयुष्यभराची बांधिलकी वाटते. आता मी कामाचे तुकडे करून मागते. एक आई फक्त संमतिपत्रं गोळा करते आणि फोन नंबर तपासते. एक रिक्षावाले दादा सहलीच्या दिवशी हाकेच्या अंतरावर राहतात. मोठ्या झालेल्या मुलींचे गणवेश धुऊन, उसवून, लहान मुलींच्या मापाचे करून देणाऱ्या एक आजी आहेत. नवा गणवेश, स्कार्फ, पट्टा, शिट्टी असं सगळं घेणं इथल्या अनेक घरांना जड जातं. सप्टेंबरात वेलंकनी माउलीच्या सणाला भाविकांना पाणी द्यायला मुलं उभी राहतात, तेव्हा उन्हात पाळी बदलायला दोन मावश्या येतात. आणि शिबिरात मी जिचा हात धरला होता, ती आई एक शनिवार सोडून एक शनिवार येते.

पुण्यात ‘संगम’ आहे, जगभरच्या गाईडची जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत त्यांतलं एक, १९६६ पासून. मी तिथे गेले होते तेव्हा इंग्लंडहून आलेल्या एका स्वयंसेविकेशी बोलणं झालं. तिच्याकडे मैदान आहे, हॉल आहे, पैसा आहे. तरी पथकात यायला मुलींची नावं प्रतीक्षायादीत पडून राहतात, कारण घ्यायला मोठी माणसं नाहीत. मला त्याने दिलासा वाटला नाही. उलट वाटलं, आपल्याकडे अजून शेजार शिल्लक आहे, तर तो आत्ताच हाताशी धरायला हवा. मैदानांचंही तेच. डोंगरीच्या टेकडीवर मेट्रोच्या कारशेडचा प्रस्ताव आला तेव्हा हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला. मुलांना झाडाखाली न्यायची सोय गावातच असते, हे आपण गृहीत धरून चाललो होतो.

सध्या माझं लक्ष दोघींवर आहे. दोघी याच पथकातल्या, आता कॉलेजात. अठरा पूर्ण झाल्यावर त्या मोठ्या माणसांत मोजल्या जातील. एकीचे वडील हो म्हणाले आहेत. दुसरीच्या घरी मी येत्या शनिवारी बैठकीनंतर जाणार आहे, तिच्या आजीशी बोलायला. बेसिक कोर्सला सात दिवस मुलीला बाहेर पाठवायचं की नाही, ते त्या घरात आजी ठरवते.