गुणदानात समानता : शिक्षकांच्या विचारविनिमयाची आवश्यकता

एकच उत्तर दोन परीक्षकांनी तपासले, तर गुण वेगवेगळे पडतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे. सर फिलिप हारटॉग व ई. सी. ऱ्होड्स यांनी १९३५ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्याच १४ परीक्षकांनी वर्षभराने पुन्हा तपासल्या असता २१० निर्णयांपैकी ९२ बदललेले आढळले.

शालान्त परीक्षेत नमुना उत्तरे व नियामक यांच्या साहाय्याने ही तफावत कमी केली जाते. प्राथमिक शिक्षक मात्र बहुधा एकट्यानेच गुण देतो. महाराष्ट्रात २०१० साली स्वीकारलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तोंडी काम, प्रकल्प, प्रात्यक्षिक यांचाही समावेश झाल्याने सहकाऱ्यांशी विचारविनिमय अधिकच अगत्याचा ठरला.

केंद्रशाळेत शिक्षक एकत्र जमतात, तेव्हा हे कार्य सहज साधेल. प्रथम कशासाठी किती गुण, हे सर्वांनी ठरवावे. नंतर नावे झाकलेल्या त्याच चार-पाच वह्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे तपासाव्यात व मगच गुण उघड करावेत. आधी चर्चा झाल्यास ज्येष्ठांच्या मताकडे इतरांचा कल झुकतो. फरक मोठा असेल तेथे सरासरी काढून मोकळे न होता कारणे मांडावीत. परिसर अभ्यासाचे उत्तर बरोबर, पण शब्द बोलीतले. अशा वेळी गुण कापावेत काय, याचा निर्णय सर्वांनी मिळून केलेला बरा.

वाडीवस्तीवरील मुलाच्या कामाचे मोल तो कोणत्या शाळेत शिकतो यावरून ठरू नये, ही दक्षता घेणे सर्वांचेच कर्तव्य होय.