मराठवाड्याचे विलीनीकरण : न घडलेले पर्याय

हैदराबाद संस्थानातील मराठी भाषिक जिल्ह्यांपुढे १९४७ ते १९५६ या काळात जे राजकीय पर्याय होते, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. घडले नाही पण घडू शकले असते, अशा घटनाक्रमाच्या मांडणीस पर्यायी इतिहास म्हणतात. तत्कालीनांनी ज्याची गांभीर्याने चर्चा केली, तेवढ्यापुरतीच ती अभ्यासास उपयोगी पडते. एरवी ती कादंबरीकाराकडे सोपविलेली बरी. यूरोपात स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क यांच्या संरक्षणसंघाची १९४८-४९ मधील फिसकटलेली बोलणी हे याचे एक उदाहरण होय.

समर्थ रामदासांचे (१६०८–८१) जन्मस्थान जांब समर्थ हे गाव निजामाच्या अमदानीत औरंगाबाद जिल्ह्यातील अंबड तालुक्यात मोडत असे. ते आज जालना जिल्ह्यात (स्थापना १ मे १९८१) आहे. जागचे न हलता हे गाव बारा वर्षांत चार राज्यव्यवस्थांखाली आले : निजामाचे संस्थान, भारतातील हैदराबाद राज्य, द्वैभाषिक मुंबई राज्य व १९६० पासून महाराष्ट्र. पाचवी व्यवस्था, म्हणजे स्वतंत्र हैदराबाद, थोडक्यात टळली.

या पाचव्या पर्यायास निव्वळ कल्पना म्हणता येत नाही. संस्थानाचे स्वतःचे हाली नाणे, टपाल, रेल्वे व जकात होती. ब्रिटिश सत्ता जाताच आपण सार्वभौम होऊ, असे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्येच जाहीर केले होते. भारताशी २९ नोव्हेंबर १९४७ रोजी झालेला ‘जैसे थे’ करार एक वर्षाचा होता. समुद्रकिनारा नसल्याने पोर्तुगिजांच्या मार्मागोवा बंदरासाठी खटपट झाली; ऑगस्ट १९४८ मध्ये प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही नेण्यात आले. मात्र चहूबाजूंनी भारताने वेढलेले आणि बहुसंख्य प्रजेचा पाठिंबा नसलेले हे राज्य दीर्घकाळ टिकले असते, असे मानण्यास आधार नाही. रझाकारांच्या अत्याचारांनी उरलासुरला विश्वासही संपविला. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने हा प्रश्न निकालात निघाला. त्यानंतरच्या हिंसाचारात उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांत मुस्लिमांची मोठी प्राणहानी झाली, ही गोष्ट सुंदरलाल समितीने नोंदविली आहे. विलीनीकरणाच्या वर्णनांत ती बहुधा गाळली जाते.

खरा पर्याय होता तो त्रिभाषिक हैदराबाद राज्य टिकविण्याचा. राज्यात सु. निम्मे लोक तेलुगू व चतुर्थांश मराठी भाषिक होते. संमिश्र संस्कृतीच्या कारणास्तव पंडित नेहरूंना त्याचे विघटन प्रारंभी मान्य नव्हते. उलट स्वामी रामानंद तीर्थ भाषावार विभाजनाचे पुरस्कर्ते होते. जांबपासून जवळच असलेल्या परतूर येथे १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते, हे लक्षात घेता मराठी भागाची ओढ जुनी होती. हे राज्य टिकते, तर मराठी भाषिक त्यात कायमचे अल्पसंख्य राहिले असते. परंतु चतुर्थांश मतांचे वजनही त्यांच्या हाती राहिले असते. नव्या महाराष्ट्रात भाषेचा प्रश्न सुटला, वजनाचा प्रश्न मात्र नव्याने उभा राहिला.

राज्यपुनर्रचना आयोगाने (१९५५) तेलंगण तूर्त हैदराबाद राज्य म्हणून वेगळे ठेवावे, मराठवाडा मुंबई राज्यास जोडावा व विदर्भ स्वतंत्र करावा, असे सुचविले. यांपैकी मराठवाड्याविषयीची सूचना तेवढी १ नोव्हेंबर १९५६ रोजी अंमलात आली. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, हे विधान सरसकट केले जाते. वास्तविक २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात विकासखर्च, शिक्षणाच्या सोयी व नोकऱ्यांतील वाटा यांची हमी मराठवाड्यासही होती. तिला कायद्याचे बळ नव्हते, इतकेच. ‘बिनशर्त’ हा शब्द पुढे अभिमानाचा आणि तक्रारीचाही झाला.

दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेषाचे मोजमाप केले. संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये अभिप्रेत असलेली विकास मंडळे १९९४ मध्ये अस्तित्वात आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. आयोगाने सुचविलेले वेगळे तेलंगण २ जून २०१४ रोजी प्रत्यक्षात आले.