फ्लॅटबेड प्रिंटर घ्यायचाय? किमतीआधी हेडचं विचारा

भंडारा रोड स्टेशन आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, दोन्ही वरठीत. अशा गावात बोर्ड बनवणाऱ्याला दुकानांच्या पाट्यांसोबत ‘हेल्मेट घाला’सारख्या सूचनाफलकांचंही काम मिळू शकतं. फ्लेक्स मशीन रोलवर छापतं. फ्लॅटबेड थेट अ‍ॅक्रिलिक, सनबोर्ड, एसीपीवर छापतो आणि शाई यूव्ही दिव्याखाली लगेच पक्की होते.

साइज कोणता? शीट सहसा ८ बाय ४ फुटांची येते, म्हणून बेडही तेवढा बरा. लहान बेड स्वस्त, पण मोठी पाटी तुकड्यांत छापावी लागते.

खरी धास्ती प्रिंट हेडची. वाकलेली शीट घासली की महागडं हेड खराब होऊ शकतं. त्यामुळे हाइट सेन्सर आणि व्हॅक्यूम बेड नसेल, तर मशीन कितीही स्वस्त असो, नकोच. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकला पांढरी शाई लागते. ती तळाशी बसते, म्हणून ती फिरवत ठेवणारी सोय बघा. विदर्भातला उन्हाळा आणि धूळ पाहता एसीची बंद खोलीही हिशेबात धरा.

डेमोला स्वतःचा पत्रा न्या. छापून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी नखाने खरवडा. रंग निघाला तर प्रायमर लागणार, म्हणजे खर्च वाढला.

आणि महिन्याला चार-पाचच शीट निघत असतील? मग सध्या नागपूरहून छापून आणलेलं परवडेल.