तुलना छोटी, हेलपाटे फार

'सी' भाषेत क्रमवारी लावायची असली की आपण क्यूसॉर्ट हे तयार फंक्शन वापरतो. आकडे असोत, नावं असोत, ते काहीही लावून देतं. कसं? तर लहान कोण, मोठं कोण हे ते स्वतः ठरवतच नाही. तुलनेचं फंक्शन आपण लिहायचं, त्याचा पत्ता क्यूसॉर्टला द्यायचा. दर जोडीला ते तिथं विचारायला जातं.

समजा, एक कारकून अर्ज पिनकोडप्रमाणे लावतोय. एक ४१३७०९, श्रीरामपूरचा; दुसरा ४१४००१, अहिल्यानगर शहराचा. लहान कुठला, हे एका नजरेत कळतं. पण दर वेळी शेजारच्या खोलीत जाऊन साहेबांना विचारायचं, असा नियम असेल तर? दहा लाख अर्जांना साधारण दोन कोटी तुलना लागतात. म्हणजे दोन कोटी हेलपाटे!

इनलाइन करणं म्हणजे साहेबांचा नियम कारकुनाच्या टेबलावरच आणून ठेवणं. कंपायलर तुलनेचा मजकूर क्रमवारीच्या लूपमध्येच उतरवतो. हेलपाटा तर वाचतोच. शिवाय आपण फक्त पूर्णांक हाताळतोय हे कंपायलरला दिसतं आणि तो त्याला साजेसा कोड बनवतो.

मात्र आपल्या फंक्शनपुढे नुसतं 'इनलाइन' लिहून हे होत नाही, बरं का! क्यूसॉर्ट सहसा लायब्ररीत आधीच कंपाइल होऊन बसलेलं असतं. त्यात आपला मजकूर आता शिरणार कसा? म्हणून क्रमवारीचं फंक्शनही आपल्याच फाइलमध्ये, मॅक्रोनं किंवा स्टॅटिक इनलाइन म्हणून लिहावं लागतं. 'सी प्लस प्लस'मधलं सॉर्ट हे टेम्प्लेट असतं, त्यामुळं तिथं कंपायलरला दोन्ही मजकूर एकत्र दिसू शकतात.

आता दुसरी बाजू बघा. श्रीगोंदा आणि श्रीरामपूर ही नावं घ्या. यूटीएफ-८ मध्ये 'श्री'चे १२ बाइट सारखे. 'ग' आणि 'र' यांचेही पहिले दोन बाइट सारखेच. फरक सापडतो तो पंधराव्या बाइटला. त्यात 'क्ष' आणि 'ज्ञ' कुठं लावायचे हा मराठीचा नियम आला, की तुलना आणखी लांबते. इथं साहेबच विचार करायला वेळ घेतात. हेलपाटा वाचवून फारसं हाती लागत नाही.

तत्त्वज्ञानात आपण सामान्य आणि विशेष असा भेद करतो. क्यूसॉर्ट सगळ्यांना चालतं, म्हणून त्याच्या त्या सामान्यपणाची किंमत मोजावी लागते. पिनकोडला ती जड जाते, गावांच्या नावांना तेवढी नाही. तेव्हा कोड बदलण्याआधी आपल्या स्वतःच्या यादीवर वेळ मोजा, आणि मगच ठरवा.